वीज असेल त्या गावचा कॉम्प्युटर

खुटबावच्या शाळेत डिलीट. वरवंडच्या वाचनालयात एफ बारा. दौंडच्या सायबर कॅफेत खिडकीजवळच्या मशीनला एस्केप, आणि तेही पडदा उजळायच्या आत दाबलं तरच. शिरूरला आमच्या घरी एफ आठ. कुठल्या कॉम्प्युटरला सुरू होताना कुठलं बटण दाबायचं, याची ही यादी मी एका पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिली, वरून चिकटपट्टी लावली आणि थोरल्या जाऊबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "मागची बाजू कोरी का सोडलीस? एवढी जागा वाया."

थोरल्या जाऊबाईंना घरात सगळे अक्का म्हणतात. मी धाकटी, म्हणून त्या मला "धाकटे" अशी हाक मारतात. त्या वरवंडला सासरच्या घरी राहायच्या आणि खुटबावच्या बाजूला एका वस्तीवरच्या प्राथमिक शाळेत शिकवायच्या. आम्ही शिरूरला, कारण माझ्या नवऱ्याची नोकरी रांजणगावला शिफ्टमध्ये आणि माझी शिरूरमधल्या एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये. काळ दोन हजार आठ-नऊच्या सुमाराचा, म्हणजे आमच्याकडे वीज सोयरीक जुळवायला आलेल्या पाहुण्यांसारखी वागायची तेव्हाचा. यायच्या वेळेला उशीर, जायच्या वेळेला चोख.

अक्का लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांचं फक्त डी.एड. झालं होतं. बी.ए. त्यांनी पोरांची दुखणीखुपणी काढत बाहेरून केलं, बी.एड. त्यानंतर. सेहेचाळिसाव्या वर्षी एम.एड.ला बसल्या. सगळे पेपर सुटले, प्रबंध तेवढा राहिला. तो द्यायची मुदत दोनदा वाढवून मिळाली होती. तिसऱ्यांदा मिळणार नाही, असं पुण्याच्या अभ्यासकेंद्राने लेखी कळवलं होतं. त्या हिवाळ्यातल्या एका शनिवारपर्यंत प्रबंध पोचला नाही तर नोंदणी रद्द, आणि मग चार वर्षांचा अभ्यास पुन्हा पहिल्यापासून. अक्का म्हणायच्या, "पहिल्यापासून करायला माझी न्हाई म्हणायची तयारी हाय."

विषय त्यांच्या रोजच्या कामातलाच होता: दुसरीच्या मुलांना हातच्याची वजाबाकी का अवघड जाते. प्रबंध कॉम्प्युटरवर टाईप केलेला हवा, ही अट. वरवंडच्या घरी कॉम्प्युटर नाही. शाळेत एक होता, पण तिथे वीज बहुतेक वेळ नसायची. वरवंडला आमच्या वस्तीतल्या विहाराच्या वाचनालयात एक होता, रांजणगावला नोकरी करणाऱ्या मंडळींनी वर्गणी काढून घेतलेला. तिथे वीज असायची तेव्हा अक्का शाळेत. दौंडला कॅफे होता, पण तिथल्या मशीनमध्ये पेन ड्राइव्ह घातला की घरी येताना सोबत दोन-तीन व्हायरस यायचे. शिवाय मराठीची पंचाईत होतीच. एका ठिकाणी टाईप केलेलं दुसऱ्या ठिकाणी उघडावं तर नुसत्या चौकोनांच्या ओळी दिसायच्या.

अशा वेळी माणूस हताश होतो. मी तक्ता करते. चारही ठिकाणचं भारनियमनाचं वेळापत्रक मी वायरमनकडून आणि पेपरातून गोळा केलं आणि एका कागदावर आडवं-उभं मांडलं. तेव्हा दिसलं की दिवसाच्या कुठल्याही तासाला चारांपैकी किमान एका ठिकाणी वीज असतेच. म्हणजे अडचण विजेची नव्हती. कॉम्प्युटर उचलून तिच्या मागे नेता येत नव्हता, एवढीच होती.

तो उचलायची युक्ती लॅबमध्ये मला नुकतीच सापडली होती. लिनक्स नावाची फुकट मिळणारी व्यवस्था अख्खीच्या अख्खी पेन ड्राइव्हवर घालता येते. तो पेन ड्राइव्ह कुठल्याही कॉम्प्युटरला लावून मशीन चालू करायचं आणि योग्य ते बटण दाबायचं. मग ते मशीन आपल्या आतल्या सामानाकडे न पाहता पेन ड्राइव्हवरच्या व्यवस्थेने चालतं. आपलं मराठी, आपल्या फायली, पडद्यावरचं आपलं चित्र, सगळं सोबत. काम झालं की बंद करून पेन ड्राइव्ह काढून घ्यायचा. मशीन पुन्हा होतं तसं.

हे मी अक्कांना आकृती काढून समजावलं. त्यांनी आकृतीकडे पाहिलंच नाही.

"म्हंजी पीठ-मीठ आपलं, चूल तेवढी त्यांची," त्या म्हणाल्या.

पुढे हे मी लॅबमध्ये कितीतरी जणांना समजावलं. दरवेळी आकृती न काढता हेच वाक्य वापरलं. कुणाचं ते सांगितलं नाही.

शाळेच्या हेडमास्तरांना मात्र पीठ-मीठ पटेना. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. शाळेचा कॉम्प्युटर ते प्लॅस्टिकच्या दोन आवरणांखाली ठेवायचे आणि आतलं काही हललं तर ते आपल्या पेन्शनीला आडवं येईल असं त्यांना मनापासून वाटायचं. पहिल्या दिवशी मी शिरूरहून गेले आणि त्यांच्या देखत मशीन पेन ड्राइव्हवरून चालू केलं. पडदा तपकिरी झाला.

"हे आपलं न्हाई," हेडमास्तर म्हणाले. "आपलं निळं असतंय."

मी मशीन बंद करून, पेन ड्राइव्ह काढून परत चालू केलं. निळं आलं. हेडमास्तरांनी खुर्ची मागे सरकवून श्वास सोडला. त्यानंतर आठवडाभर अक्का टाईप करत असताना ते शेजारी बसून राहायचे आणि काम संपलं की निळं आलेलं पाहूनच कुलूप लावायचे.

त्या मशीनची आणखी एक तऱ्हा होती. आतली छोटी बॅटरी संपलेली असल्यामुळे वीज गेली की त्याचं घड्याळ मागे जायचं आणि दरवेळी एक जानेवारी दोन हजार दोन ही तारीख दाखवायचं. पेन ड्राइव्हवरून चालू व्हायची सेटिंगही पुसली जायची. बॅटरी बदलून देते, मी म्हटलं. पण मशीन उघडायला वर अर्ज करावा लागतो, असं हेडमास्तरांनी सांगितलं. "असू द्या मॅडम," ते म्हणाले. "सरकारी मशीन हाय. हजर झाल्याची तारीख धरून बसलंय." मी पुठ्ठ्यावर खुटबावपुढे लिहिलं: बॅटरी गेलेली, दरवेळी सेटिंग करणे. अक्षर माझं, शाई निळी.

दोन महिने सगळं ठरल्याप्रमाणे चाललं. अक्का पर्समध्ये पेन ड्राइव्ह आणि पुठ्ठा घेऊन विजेच्या मागे फिरायच्या. सकाळी शाळा भरायच्या आधी तासभर खुटबाव, चार वाजता वाचनालय, रविवारी दौंडला बाजाराला गेल्या की कॅफे. कॅफेवाल्याने सुरुवातीला त्यांच्याकडे संशयाने पाहिलं. मग त्याच्या लक्षात आलं की एरवी कण्हत चालणारं खिडकीजवळचं मशीन अक्का बसल्या की पळतं. त्याने मला फोन करून विचारलं, की बाईंनी मशीनला काय केलं आणि जाताना ते तसंच ठेवून जाता येईल का.

आधी कागदावर लिहून मग टाईप करायची अक्कांची सवय मी मोडली. दुप्पट काम कशाला, थेट टाईप करा, मी म्हटलं. त्यांनी ऐकलं. फायलींना नावं देण्याच्या बाबतीत मात्र ऐकलं नाही. मी त्यांना पद्धत घालून दिली होती: प्रकरणाचा क्रमांक, मग तारीख. त्या आपल्या मनाने द्यायच्या. "प्रकरण ४ पूर्ण." मग "प्रकरण ४ पूर्ण नवीन." मग "प्रकरण ४ अगदी पूर्ण." अपूर्ण नावाची फाइल त्यांनी आयुष्यात केली नाही.

दर दुसऱ्या रविवारी मी वरवंडला जायचे आणि पेन ड्राइव्ह आवरायचे. माझ्या वहीतल्या यादीतला क्रम असा: आधी झाडणे, मग नक्कल काढणे. दोन जीबीचा पेन ड्राइव्ह, जागा थोडी, त्यामुळे जुन्या फायली ठेवून चालायचं नाही. मुदतीच्या आधीच्या रविवारी मी जेवणं उरकल्यावर वाचनालयात बसले. चौथ्या प्रकरणाच्या पाच फायली. कुठली खरी ते नावांवरून ब्रह्मदेवालाही कळलं नसतं, म्हणून मी तारखेप्रमाणे लावून घेतल्या. सगळ्यात नवी ठेवली. बाकीच्या पुसल्या, कचरापेटी रिकामी केली आणि मग शिस्तीत नक्कल काढली. वहीत बरोबरची खूण केली आणि चौफुल्यावरून पाचची शिरूर गाडी पकडली.

मंगळवारी दुपारी लॅबमध्ये फोन आला.

"धाकटे, चौथं प्रकरण कुठं ठेवलंस?"

"तिथंच आहे, अक्का. चार नंबरचं."

"ते न्हवं. ते नऊ पानांचं हाय, दौंडला केलेलं. मी शाळेत बसून पुरं केलेलं कुठाय? अगदी पूर्ण."

मी विचारलं, शाळेतलं म्हणजे खुटबावचं? त्या व्हय म्हणाल्या. आणि मग मला रविवारचा पडदा डोळ्यांपुढे दिसला. यादीच्या सगळ्यात तळाला "अगदी पूर्ण", आणि शेजारी तारीख, एक जानेवारी दोन हजार दोन. मला ती तारीख दिसली होती. इतकी जुनी फाइल अजून ठेवलीये, अक्कांची कमाल आहे, असंसुद्धा माझ्या मनात आलं होतं. दोन हजार दोन साली अक्कांनी कॉम्प्युटरला हातही लावलेला नव्हता, हे मात्र आलं नव्हतं.

अठ्ठावीस पानं, सगळी मागच्या नकलेनंतरची. आणि चार दिवस.

मी खरं काय ते सांगून टाकलं. पलीकडे मुलांचे पाढे चालले होते. मग अक्का म्हणाल्या, "तू आवरलंस व्हय. मला वाटलं व्हायरस आला." त्यांनी फोन ठेवला. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

बुधवारपासून शनिवारपर्यंत अक्कांनी आणि मी रजा टाकली आणि सकाळी मी पहिल्या गाडीने न्हावऱ्यावरून वरवंडला पोचले. पुसलेल्या फायली परत काढायचा एक कार्यक्रम सोबत नेला होता. वाचनालयात तो तासभर चालवला. त्याने बिननावाचे अडीच-तीनशे तुकडे काढून दिले. त्यांतल्या एका तुकड्यात प्रकरण चारची साडेतीन वाक्यं होती. अक्कांनी ती वाचली आणि घड्याळाकडे बोट दाखवलं. अकराला तिथली वीज जायची होती.

"ते खणत बसू नको," त्या म्हणाल्या. "मी सांगते, तू लिही."

मला टाईप करायला बसवून त्या उभ्या राहिल्या. वीस वर्षं उभं राहूनच शिकवलेलं, बसून त्यांना सुचत नसावं. मुलांच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा टेबलावर होता. त्यातला एकेक कागद उचलायचा, क्षणभर पाहायचा आणि सांगायला लागायचं. बावन्नातून सत्तावीस वजा केले, उत्तर पस्तीस. अशी उत्तरं किती मुलांची, पुन्हा विचारल्यावर किती जणांनी तेच लिहिलं, कुणी काय कारण दिलं. मी मध्येच म्हटलं, की आधी मुद्द्यांची एक यादी करूया. अक्कांनी पुढचा कागद उचलला. मी परत टाईप करायला लागले.

अकराला वीज गेली. आम्ही पेन ड्राइव्ह काढला, डबा घेतला आणि जीपने खुटबाव गाठलं. तिथे वीज होती. हेडमास्तरांना सगळी हकिगत कळलेली होती. त्यांनी स्वतः दोन्ही आवरणं काढून ठेवली होती आणि तारीखही स्वतः बसवायचा प्रयत्न केला होता. ती दोन हजार एकोणीसवर जाऊन थांबली होती. "पुढचीच ठेवली," ते मला म्हणाले. "म्हंजी तुमच्या हातनं पुसायची न्हाई."

अक्का तोंडाला पदर लावून हसल्या. मंगळवारपासून पहिल्यांदाच. मी तारीख दुरुस्त केली आणि कामाला लागले.

गुरुवारी दुपारी परत खुटबावला बसलो तोपर्यंत आम्ही निम्म्याच्या पुढे गेलो होतो. अक्का त्या पस्तीस उत्तर लिहिणाऱ्या मुलांवर परत आल्या. दोनातून सात जात नाहीत, म्हणून ही मुलं सातातून दोन काढतात. का, तर मोठ्यातून लहान वजा करायचं, हे पहिलीत आपणच त्यांना शिकवलेलं असतं. मग त्यांनी संथपणे, व्याकरणशुद्ध मराठीत सांगितलं:

"चुकणारे मूल बहुधा निष्काळजी नसते. ते एखादा नियम फार काटेकोरपणे पाळत असते."

मी टाईप केलं. पूर्णविराम दिला. मग विचारलं, "हे वाक्य आधीच्या वेळी होतं का?"

"न्हाई," अक्का म्हणाल्या. "आत्ता सुचलं. तुला बघून."

मागच्या खुर्चीवर हेडमास्तर पेपर वाचत होते. त्यांचा पेपर बराच वेळ हलत राहिला.

शुक्रवारी दौंडला गेलो, छापून घ्यायचं होतं म्हणून. खिडकीजवळच्या मशीनवर रेल्वेच्या भरतीचा अर्ज भरणारा एक गृहस्थ बसला होता आणि त्याचा अर्ज शेवटच्या पानावरून परत परत पहिल्या पानावर जात होता. बाकीची दोन मशीनं पेन ड्राइव्हवरून चालू व्हायला तयार नव्हती. कुठलंही बटण दाबा, सरळ स्वतःचंच पुराण सुरू. तक्त्याप्रमाणे दौंडची वीज तीनला जायची होती आणि बारा वाजले होते. मी त्या गृहस्थाकडे इतक्या वेळा पाहिलं असेन की अक्का मला म्हणाल्या, "बस की शांत. त्याची पण कसली तरी शेवटची तारीखच असंल." मग त्या स्वतः त्याच्या शेजारी जाऊन बसल्या, त्याचा अर्ज वाचला आणि जन्मतारखेच्या चौकटीत त्याने दिवसाच्या जागी महिना भरला होता तो दाखवला. पाच मिनिटांत त्याचं काम झालं आणि त्याने उठून खुर्ची आमच्याकडे वळवून दिली.

शेवटची पानं झाली. चौथं प्रकरण एकोणीस पानांत बसलं. मी म्हटलं, नऊ पानं कमी पडली. अक्का म्हणाल्या, कमी पडली न्हाईत, ती नकोच होती, पण हे लोकांत सांगत फिरू नको. राहिला होता ऋणनिर्देश. तो त्यांनी उभ्या उभ्याच सांगितला. मार्गदर्शक बाई, हेडमास्तर, वाचनालय, आबा म्हणजे आमचे सासरे, त्यांनी कधी आडकाठी केली नाही म्हणून. वस्तीवरची दुसरीची मुलं. मग माझी पाळी आली. मी उगीच नको-नको म्हटलं आणि बोटं तयार ठेवली.

"माझ्या धाकट्या जाऊबाई," अक्का सांगू लागल्या, "यांची मी विशेष ऋणी आहे. त्यांच्यामुळे हा प्रबंध कुठेही लिहिणे शक्य झाले, आणि चौथे प्रकरण दोनदा."

मी म्हटलं, अक्का, हे छापायचं नसतं. त्या म्हणाल्या, खोटं हाय का त्यात काही? अडीच वाजले होते. मी छापलं.

शनिवारी आम्ही दोघी सकाळच्या गाडीने दौंडहून पुण्याला गेलो. बांधणीवाल्याने दोन तास सांगून तीन लावले. अभ्यासकेंद्राच्या खिडकीवर आम्ही पोचलो तेव्हा आतला माणूस डबा उघडत होता. त्याने डबा बाजूला ठेवला, प्रती मोजल्या, शिक्का मारला आणि पोच लिहून दिली. अक्कांनी पोच दोनदा वाचली, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. मी म्हटलं, माझ्याकडे द्या, मी नीट फाइलला लावून ठेवते.

"तुझ्याकडं?" अक्का म्हणाल्या, आणि पर्सची चेन लावून टाकली.

दोन महिन्यांनी तोंडी परीक्षा झाली. मी येते म्हटलं तर नको म्हणाल्या, एकट्याच गेल्या. संध्याकाळी वरवंडहून फोन आला. पास झाल्या होत्या. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते, प्रबंध त्यांनी पहिल्या पानापासून वाचलेला दिसत होता, कारण त्यांनी पहिलाच प्रश्न ऋणनिर्देशावरचा विचारला: बाई, चौथं प्रकरण दोनदा का लिहावं लागलं?

मी विचारलं, मग तुम्ही काय सांगितलंत? बॅटरीचं सांगितलंत? तारखेचं?

"एवढं कुठं सांगत बसू," अक्का म्हणाल्या. "म्हणलं, सर, आमच्या घरात एक फार व्यवस्थित माणूस हाय."